कबुलीनंतरचा नकार

२० जुलै २००९ रोजी मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात साक्षी चालू असताना २६/११ च्या मुंबई हल्ल्यातला आरोपी अजमल कसाब अचानक उभा राहिला आणि आपल्याला गुन्हा कबूल करायचा आहे, असे त्याने न्यायाधीश एम. एल. तहलियानी यांना सांगितले. ६ मे रोजी ८६ आरोप वाचून दाखवले गेले, तेव्हा त्याने ते नाकारले होते. त्यानंतर सव्वाशेहून अधिक साक्षीदार तपासून झाले होते. न्यायाधीशांनी त्याचे म्हणणे सविस्तर नोंदवले, पण त्यावर खटला संपवला नाही. कसाबने सगळे आरोप मान्य केले नव्हते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवरच्या गोळीबाराचा मुख्य भार तो अबू इस्माईल या मेलेल्या साथीदारावर टाकत होता. म्हणून ते निवेदन नोंदीत ठेवून उरलेले साक्षीदार तपासायचे ठरले. पुढे १८ डिसेंबरला, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ खाली, म्हणजे पुराव्याबद्दल न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नांवर जबाब देताना, कसाबने सगळेच झटकले. आपला छळ झाला, आपण सिनेमे पाहायला मुंबईत आलो होतो आणि हल्ल्याच्या आधीच पकडले गेलो होतो, असे तो म्हणू लागला.

एकाच आरोपीने एकाच खटल्यात आधी नकार, मग कबुली आणि मग पुन्हा नकार दिला. तरी ३ मे २०१० च्या निकालाला त्याने धक्का बसला नाही, कारण तो निकाल केवळ कबुलीवर उभा नव्हता. जुलैमध्येच खटला गुंडाळून शिक्षा ठोठावली असती, तर डिसेंबरातल्या नकाराने वरच्या न्यायालयांत मोठा पेच उभा केला असता.

त्याच हल्ल्यातला दुसरा आरोपी डेव्हिड हेडली. शिकागोच्या न्यायालयात त्यानेही आधी नकार दिला आणि १८ मार्च २०१० रोजी १२ आरोपांची कबुली दिली. ही कबुली लेखी करारासह आली होती: मृत्युदंड मागायचा नाही, भारताच्या ताब्यात द्यायचे नाही, बदल्यात हेडलीने तपासाला मदत करायची. साक्षीपुराव्याचा खटला त्याच्यावर चाललाच नाही. जानेवारी २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने त्याची साक्ष दूरचित्रसंवादातून ऐकली. एका हल्ल्यातल्या दोन कबुल्यांकडे दोन देशांच्या न्यायव्यवस्थांनी इतक्या वेगळ्या नजरेने पाहिले.

दिलेली कबुली मागे घेता येते का, कधी आणि कोणत्या कारणाने, हा प्रश्न अशा गाजलेल्या खटल्यांमुळे चर्चेत येतो. त्याची खरी झळ मात्र दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात एका दुपारी निकाली निघणाऱ्या किरकोळ प्रकरणांतल्या माणसांना बसते. त्यांची नावे छापून येत नाहीत, आणि कबुली मागे घेता येते हेही त्यांना कोणी सांगत नाही. हा आढावा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

पुरावा आणि पूर्णविराम

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तपास चालू असताना दंडाधिकाऱ्यांपुढे दिलेला कबुलीजबाब चालतो. पण आरोपीने तो नंतर नाकारला, तर त्याला इतर पुराव्याचा दुजोरा शोधावा, असा शहाणपणाचा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या प्यारेलाल भार्गव खटल्यात सांगितला आहे. असा जबाब खटल्यातल्या अनेक पुराव्यांपैकी एक ठरतो. आरोप ठेवल्यानंतर न्यायालयात दिलेली कबुली वेगळी असते. ती स्वीकारली की साक्षीदार येत नाहीत, उलटतपास होत नाही, पंचनाम्यातल्या चुका कोणी दाखवत नाही. नाकारलेला कबुलीजबाब निदान बाकीच्या पुराव्याशी ताडून पाहता येतो. कबुलीनंतर ताडून पाहायला समोर काहीच उरत नाही. त्यामुळे ती मागे घेण्याचा प्रश्न जास्त अवघड आहे आणि त्याची काळजीही जास्त घ्यायला हवी.

दोन्हींच्या मधली एक जागा पुण्याच्या एका खटल्याने दाखवली. जनरल अरुणकुमार वैद्य यांची १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात हत्या झाली. त्या खटल्यात सुखदेवसिंग आणि हरजिंदरसिंग यांनी हत्येची जबाबदारी न्यायालयातच उघडपणे घेतली होती. खटल्याच्या ओघात किंवा कलम ३१३ च्या जबाबात आरोपीने दिलेली अशी कबुली न्यायालय विचारात घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सांगितले. त्या दोघांनी आपले म्हणणे फिरवले नाही. कसाबने फिरवले. दोन्ही खटल्यांत साक्षीपुरावा नोंदवला गेला होता, म्हणून न्यायालयाला कबुलीपलीकडेही पाहता आले.

कायद्याने सोडलेली जागा

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. सत्र खटल्यातली कबुली तिच्या कलम २५२ मध्ये येते, वॉरंट खटल्यातली कलम २६४ मध्ये, समन्स खटल्यातली कलम २७५ मध्ये. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हीच कलमे २२९, २४१ आणि २५२ होती. आरोपीने गुन्हा कबूल केला तर ती कबुली नोंदवावी आणि न्यायालयाला योग्य वाटल्यास त्यावरून दोषी ठरवावे, असे तिन्ही सांगतात. कबुली नोंदवणे बंधनकारक आहे, तिच्यावरून दोषी ठरवणे बंधनकारक नाही. कबुली समोर असतानाही साक्षीपुरावा घ्यायची मोकळीक न्यायाधीशाला आहे. खुनासारख्या गुन्ह्यात केवळ कबुलीवर शिक्षा देऊ नये, ही आपल्या न्यायालयांची जुनी प्रथा या मोकळिकीतूनच आली आहे. मारले हे आरोपी सांगू शकतो. पण मारण्यामागचा हेतू, अचानक उसळलेला राग, स्वसंरक्षण यांतले काय कायद्याच्या कोणत्या चौकटीत बसते, हे त्याला बहुधा ठाऊक नसते.

समन्स खटल्यात आणखी एक अट आहे: कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवावी. महंत कौशल्यदास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक मानली आणि ती न पाळल्यास खटलाच अवैध ठरतो, असा निर्णय दिला. न्यायालयाने दिलेले कारण महत्त्वाचे आहे: आरोपीचा अपिलाचा हक्क या एका नोंदीवर अवलंबून असतो. नव्या संहितेच्या कलम ४१६ नुसार, म्हणजे जुन्या कलम ३७५ नुसार, कबुलीवरून दोषी ठरलेल्याला दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही. खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा जास्त आहे किंवा कायद्याला धरून नाही, एवढ्याच मुद्द्यावर त्याला वर जाता येते. प्रत्यक्षात मात्र छापील नमुन्यावर ‘गुन्हा कबूल’ एवढे दोन शब्द आणि खाली सही किंवा अंगठा, अशा नोंदी अजून पाहायला मिळतात.

कबुली मागे घेण्याबद्दल मात्र संहितेत एक ओळही नाही. परवानगीचे कलम नाही आणि मनाईचेही नाही. ही जागा न्यायालयांनी तत्त्वांच्या आधारे भरली आहे, आणि त्यातून तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा, कबुली दिली आहे पण दोषी ठरवलेले नाही. इथे वाट सर्वांत मोकळी आहे. कबुलीवर दोषी ठरवायचे की नाही, हे न्यायाधीशाच्या हाती असल्यामुळे आरोपीने शब्द मागे घेतला तर न्यायाधीश नकार नोंदवून साक्षीपुराव्याकडे वळू शकतो. दुसरा टप्पा, दोषी ठरवले आहे पण शिक्षा सुनावलेली नाही. सत्र खटल्यात शिक्षेबाबत स्वतंत्र सुनावणी असते. तिथे आरोपी ‘मी मारले, पण त्याने आधी सुरा काढला’ असे काही बोलला, तर मुळातली कबुलीच अपुरी होती हे न्यायालयाच्या ध्यानात येऊ शकते. तिसरा टप्पा, निकालावर सही झालेली आहे. कलम ४०३ प्रमाणे, म्हणजे जुन्या ३६२ प्रमाणे, लेखनदोष वगळता त्या न्यायालयाला स्वतःचा निकाल बदलता येत नाही. मग पुनरीक्षण अर्ज, उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार किंवा राज्यघटनेच्या २२६ आणि २२७ या अनुच्छेदांखालची याचिका एवढ्याच वाटा उरतात. तिथे कबुली संदिग्ध होती, आरोप समजावून दिला नव्हता, मान्य केलेल्या गोष्टींतून गुन्ह्याचे सर्व घटक सिद्ध होत नव्हते किंवा दबाव वा आमिष होते, यांपैकी काही दाखवावे लागते.

कागदावर ही रचना वाजवी दिसते. अडचण वेळेची आहे. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात आरोप वाचणे, कबुली, दोषसिद्धी आणि शिक्षा हे सगळे अनेकदा एकाच कागदावर, काही मिनिटांत उरकते. पहिला आणि दुसरा टप्पा कायद्यात आहेत, पण त्या आरोपीच्या वाट्याला ते येतच नाहीत. कबुली मागे घ्यायची बुद्धी होईपर्यंत तो थेट तिसऱ्या टप्प्यात, उच्च न्यायालयाच्या दारात पोहोचलेला असतो आणि तिथे जायचा खर्च त्याला झेपत नाही.

सौद्याचा इतिहास

कबुलीच्या बदल्यात शिक्षा कमी करण्याला सर्वोच्च न्यायालयाचा दीर्घकाळ विरोध होता. त्यातला एक पहिला महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्या खटल्यातला आहे. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७६ च्या प्रकरणात खुरासणीच्या तेलात शेंगदाणा तेल मिसळल्याचा आरोप होता. आरोपींनी कबुली दिली आणि शिक्षा सौम्य झाली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अशा पडद्याआडच्या तडजोडीवर कडक टीका केली: भेसळीची झळ समाजाला बसते आणि सौदा होताना समाज तिथे हजर नसतो.

१९८० च्या कासमभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी दुसरी बाजू मांडली. लांबणाऱ्या खटल्याचा जाच आणि अनिश्चितता टाळण्यासाठी निर्दोष माणूसही कबुली देईल, आणि खरा गुन्हेगार हलक्या शिक्षेवर सुटेल, असा दुहेरी धोका त्यांनी दाखवला. सौद्यातून आलेली कबुली आणि तिच्यावरची दोषसिद्धी रद्द झाली आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला गेला. पुढे थिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात न्यायालय एक पाऊल पुढे गेले. हलक्या शिक्षेच्या आश्वासनावर कबुली घ्यायची आणि वरच्या न्यायालयात तीच शिक्षा वाढवायची, हे राज्यघटनेतल्या जीवित-स्वातंत्र्याच्या हक्काच्या, म्हणजे अनुच्छेद २१ च्या, विरोधात आहे. वरच्या न्यायालयाला शिक्षा अपुरी वाटत असेल, तर त्याने दोषसिद्धी रद्द करून आरोपीला बचावाची संधी द्यावी. आपल्याकडे कबुली मागे घेण्याच्या हक्काचा सर्वांत भक्कम आधार माझ्या मते इथे सापडतो. ज्या भरवशावर शब्द दिला तो भरवसा मोडला, तर शब्दही परत मिळाला पाहिजे.

विधी आयोगाने १९९१ पासून पुढच्या अहवालांत आणि मलिमथ समितीने २००३ मध्ये सौद्याला कायद्याची चौकट देण्याची शिफारस केली. ५ जुलै २००६ पासून ती लागू झाली आणि आता ती नव्या संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे, स्त्रिया आणि बालकांविरुद्धचे गुन्हे आणि देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीला बाधक ठरणारे गुन्हे तिच्या बाहेर आहेत. आरोप निश्चित झाल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो.

या चौकटीत माघारीची काळजी घेतलेली दिसते. न्यायाधीश आरोपीला बंद दालनात, फिर्यादी पक्ष समोर नसताना विचारतो: हा अर्ज तू स्वेच्छेने केला आहेस ना? तसे नसेल किंवा तडजोड जमली नाही, तर खटला जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो. अर्जात लिहिलेली कोणतीही गोष्ट कलम २९९ प्रमाणे दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही. म्हणजे सौदा फिसकटला तरी आरोपीच्या हातची ढाल जात नाही. मात्र या चौकटीतून निकाली निघणारी प्रकरणे एक टक्क्याहूनही खूप कमी आहेत. बहुसंख्य कबुल्या तिच्या बाहेर, साध्या कलमांखाली होतात, आणि तिथे बंद दालनातली विचारणा नाही, दुसऱ्या वापरावर बंदीही नाही. ज्यांना संरक्षण सर्वांत जास्त हवे, त्यांच्याच वाट्याला ते सर्वांत कमी आले आहे.

निर्दोष माणूस कबूल का होतो?

न केलेला गुन्हा कोण कबूल करेल, असा प्रश्न सुशिक्षित माणसाला पडतो. तुरुंगात गेलेल्याला तो पडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरात जवळजवळ शहात्तर. त्यांपैकी अनेकांना जामीन मंजूर झालेला असतो, पण जामीनदार मिळत नाही. अशा माणसाचा हिशेब सरळ आहे. चोरीच्या संशयावरून पकडला आहे, चार महिने आत काढले आहेत. खटला लढला तर पुढची तारीख कधी लागेल याची खात्री नाही. कबुली दिली तर न्यायालय भोगलेली शिक्षा पुरेशी मानेल आणि संध्याकाळी सुटका होईल. घरी बिगारीवर पोट असलेले कुटुंब आहे. निर्दोष राहायचे तर आत राहावे लागते आणि दोषी व्हायचे तर घरी जाता येते, अशा निवडीला स्वेच्छा म्हणणे मला पटत नाही.

तुरुंगातच भरवल्या जाणाऱ्या तुरुंग अदालतींत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. गर्दी कमी करण्याचा त्यांचा हेतू चांगला आहे आणि कित्येक गरीब माणसे त्यांच्यामुळे सुटली, हे नाकारता येणार नाही. पण सुटका कबुलीशी जोडली गेली की सुटलेला प्रत्येक जण दोषसिद्ध होऊन बाहेर पडतो.

भाषेचा अडसर निराळाच. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते. गडचिरोलीचा गोंडी बोलणारा, नंदुरबारचा भिली बोलणारा, भिवंडीच्या यंत्रमागावर कामाला आलेला भोजपुरी बोलणारा आरोपी कायद्याच्या मराठीतला आरोप ऐकून मान हलवतो. ही मान समजल्याची होती की कबुलीची, हे नंतर कोणी ठरवायचे? आता नव्या संहितेने आरोप दूरचित्रसंवादातून वाचून दाखवायची मुभा दिली आहे. तुरुंगातल्या पडद्यासमोर बसलेल्या आरोपीचा वकील न्यायालयात असतो, दोघांत चार शब्दांची कुजबूजही होत नाही. तिथे ही शंका आणखी गडद होते.

सुटल्यानंतरचा हिशेब

कबुली देताना आरोपीला शिक्षा किती हे साधारण सांगितले जाते. पुढचे परिणाम कोणी सांगत नाही. सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत दोषसिद्धी दिसते. खासगी कंपन्यांतले सुरक्षारक्षक, ओला-उबरचे चालक, सोसायट्यांतले कामगार यांच्याकडेही आता पोलिसांचा दाखला मागतात. पुढे दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात नाव आले, तर आधीची दोषसिद्धी जामिनाच्या आड येते आणि काही गुन्ह्यांत शिक्षाही वाढते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५७ खाली हद्दपारीचा आधार आधीच्या शिक्षाच असतात, आणि त्यांत दारूबंदी व जुगाराच्या वारंवार झालेल्या शिक्षांचाही समावेश आहे. पन्नास-शंभर रुपये दंड भरून सुटण्यासाठी दिलेल्या कबुल्या काही वर्षांनी तडीपारीच्या नोटिशीत एकेक करून मोजल्या जातात. पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या माणसांना हे फार जवळून माहीत आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय पहिल्यांदा त्यांच्याच पालावर जातो. आज चुकीची घेतलेली कबुली उद्याच्या संशयाला अधिकृत आधार देते.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. अमेरिकेत व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणाऱ्याने दुकानातल्या चोरीसारखा किरकोळ आरोप दंड भरून मिटवला, तरी काही परिस्थितीत देश सोडायची वेळ येऊ शकते. २०१० च्या पडिला विरुद्ध केंटकी या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर तो आरोपीला सांगणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. २०१७ च्या ली विरुद्ध अमेरिका या प्रकरणात लहानपणी दक्षिण कोरियातून आलेल्या एका माणसाला हद्दपारी होणार नाही असे वकिलाने चुकीचे सांगितले होते. खटला लढून तो जिंकण्याची शक्यता कमी होती, तरी न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. खरे परिणाम माहीत असते तर त्याने कबुली दिलीच नसती, एवढे पुरेसे ठरले.

दुसऱ्या देशांनी काय केले

अमेरिकेत संघीय न्यायालयांतल्या दोषसिद्धींपैकी सुमारे ९७ टक्के कबुलीतून येतात, ही बाब तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नोंदवली. इतका भार कबुलीवर असल्यामुळे माघारीचे नियमही लिहून ठेवावे लागले. न्यायालयाने कबुली स्वीकारण्याआधी ती विनाकारणही मागे घेता येते. स्वीकारल्यावर, पण शिक्षेआधी, न्याय्य आणि उचित कारण द्यावे लागते. शिक्षेनंतर अपील किंवा स्वतंत्र आव्हान एवढेच उरते. कारण तपासताना आरोपी निर्दोष असल्याचा दावा करतो का, किती उशिरा आला, वकील कसा होता, फिर्यादी पक्षाचे किती नुकसान होईल, हे पाहिले जाते. मागे घेतलेली कबुली पुढच्या खटल्यात आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे तत्त्व १९२७ च्या कर्चेव्हल निकालापासून पक्के आहे.

तिथेही सारे सुरळीत नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मायकेल फ्लिन यांनी डिसेंबर २०१७ मध्ये कबुली दिली आणि जानेवारी २०२० मध्ये ती मागे घ्यायचा अर्ज केला. मे महिन्यात न्याय विभागानेच खटला काढून घ्यायची विनंती केली आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. अर्जाचा निकाल गुणवत्तेवर लागलाच नाही. ज्याच्या पाठीशी सत्ता आणि नामांकित वकील असतात, त्याला नियमाच्या बाहेरच्या वाटाही मिळतात. बाकीच्यांना नियमाचाच आधार असतो, म्हणून तो लिहिलेला असावा लागतो.

इंग्लंडमध्ये शिक्षा होईपर्यंत न्यायाधीशाच्या परवानगीने कबुली बदलता येते. पहिल्याच संधीला कबुली देणाऱ्याला तिथे शिक्षेत एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते. ही सूट आणि खटल्याची भीती मिळून काय होते, ते पोस्ट ऑफिसच्या ‘होरायझन’ प्रकरणाने दाखवले. सदोष संगणक प्रणालीने खात्यांत तूट दाखवली, आणि पोस्ट चालवणाऱ्या शेकडो माणसांवर चोरी आणि खोट्या हिशेबाचे खटले झाले. त्यांत भारतीय वंशाची माणसेही होती. चोरीच्या आरोपातून सुटण्यासाठी अनेकांनी खोट्या हिशेबाची कबुली दिली. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने एकाच वेळी ३९ दोषसिद्धी रद्द केल्या, त्यांत कबुली देणारेही होते. २०२४ मध्ये संसदेला वेगळा कायदा करून उरलेल्यांच्या दोषसिद्धी पुसाव्या लागल्या. शिकल्या-सवरलेल्या, गावात मान असलेल्या माणसांनी न केलेला गुन्हा कबूल केला होता. आपल्याकडच्या कच्च्या कैद्यावरचा दबाव याहून कितीतरी मोठा आहे.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

माघारीची वाट मोकळी केली तर गुन्हेगार तिचा गैरवापर करतील, हा आक्षेप खोटा नाही. कबुली देऊन साक्षीदारांना घरी पाठवायचे आणि ते पांगले, फितले किंवा मेले की शब्द फिरवायचा, असे घडू शकते. पीडितेच्या बाजूनेही विचार करायला हवा. संपले म्हणून सुटकेचा श्वास टाकलेल्या बाईला पुन्हा साक्षीला उभे करणे क्रूर आहे. म्हणून माघार हा बिनशर्त हक्क असू नये. जितका उशीर, तितके कारण सबळ हवे. आणि फिर्यादी पक्षाचे भरून न येणारे नुकसान होत असेल, तर तेही तराजूत टाकले पाहिजे.

माघार मंजूर होणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे, हेही लक्षात ठेवावे. इंग्लंडमध्ये २०१३ साली एका सैनिकाची बेकायदा शस्त्राची कबुली दबावाखाली दिली होती म्हणून रद्द झाली. फेरखटल्यात तो पुन्हा दोषी ठरला. शिक्षा झाली, पण या वेळी पुरावा तपासून झाली. माघारीतून आरोपीला मिळते ते एवढेच, आणि एवढे मिळायलाच हवे.

काय करता येईल

सर्वांत आधी वकील. २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटक केलेल्या माणसाला पहिल्यांदा समोर आणले जाते तेव्हाच त्याला वकिलाच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. एका अत्यंत तिरस्कृत आरोपीच्या खटल्यातून हा नियम सर्वांसाठी पक्का झाला. आता जिल्ह्याजिल्ह्यांत मोफत बचाव वकील देणारी लोक अभिरक्षक कार्यालये आहेत. त्यांच्या वकिलाने आरोपीशी एकांतात बोलल्याची नोंद झाल्याशिवाय तुरुंगवासाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कबुली घेऊ नये.

दुसरे, वेळ. अशा गुन्ह्यात कबुली आणि शिक्षा यांच्यात निदान काही दिवस जावेत, आणि त्या दिवसांत विनाकारणही माघार घेता यावी. त्याने आरोपीचा तुरुंगवास वाढेल, असे कोणी म्हणेल. तो वाढू नये म्हणून या काळात त्याला जामीनदाराशिवाय, वैयक्तिक बंधपत्रावर सोडावे. भोगलेली शिक्षा पुरेशी मानून ज्याला न्यायालय संध्याकाळी सोडणारच आहे, त्याला आठ दिवस आधी घरी पाठवल्याने समाजाचे काहीही बिघडत नाही. उलट सुटकेची घाई संपल्यावर तो जे बोलेल, ते जास्त खरे असेल. घरी बसून विचार केल्यावरही तो कबुलीवर ठाम राहिला, तर त्या कबुलीला आजच्यापेक्षा जास्त वजन येईल.

तिसरे, नोंद. छापील दोन शब्दांऐवजी आरोपीने काय केले ते त्याच्या तोंडून, त्याच्या भाषेत लिहून घ्यावे. गरज असेल तिथे दुभाषा द्यावा. नोकरी, पडताळणी, तडीपारी यांवर काय परिणाम होऊ शकतो ते समजावल्याचेही त्यात यावे. अशी नोंद असली की खोटी माघार उघडी पडते आणि खरी माघार सिद्ध करायला आरोपीला उच्च न्यायालयापर्यंत धावावे लागत नाही.

चौथे, मागे घेतलेली कबुली पुढच्या खटल्यात वापरता येणार नाही, ही कलम २९९ मधली हमी साध्या कबुलीलाही मिळावी. हे आणि माघारीचे टप्पे संहितेत लिहिणे संसदेचे काम आहे, त्याला वेळ लागेल. पण वकिलाची भेट, मधले दिवस आणि नोंदीचा नमुना यांसाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. कबुलीवर दोषी ठरवायचे की थांबायचे, हे कायद्याने न्यायाधीशावर सोडलेच आहे. मुंबई उच्च न्यायालय आपल्या फौजदारी नियमपुस्तिकेतून आणि परिपत्रकांतून कनिष्ठ न्यायालयांना अशी कार्यपद्धती घालून देऊ शकते. अत्यंत घृणास्पद गुन्ह्यातल्या आरोपीची कबुली आपल्याच एका न्यायाधीशाने घाईने स्वीकारली नाही, आणि त्यामुळे निकाल अधिक भक्कम झाला. भाकरी चोरल्याचा आरोप असलेल्या माणसालाही तेवढाच धीर मिळाला पाहिजे.